हवागळती, जड ट्रकच्या टायरांतील

जड मालवाहू ट्रकच्या टायरातून, किंवा टायरापर्यंत हवा नेणाऱ्या नळ्या, झडपा व जोडांतून दाबाखालची हवा निसटणे म्हणजे हवागळती. ट्रकचे ओझे मुख्यतः टायरातली हवा पेलते. ती घटली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, रबर तापते आणि पुढे टायर फुटतो. नुसती हवा भरत राहिल्याने कारण दडून राहते, म्हणून गळतीचा माग क्रमाने काढावा लागतो.

पंचवटीतील संदर्भ : नाशिकमध्ये गोदावरीच्या डाव्या तीरावर पंचवटी वसली आहे. तिच्या पूर्वेकडून मुंबई–आग्रा महामार्ग (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ३) अमृतधाम, रासबिहारी चौफुली व जत्रा चौक ओलांडून आडगावकडे जातो. महापालिकेच्या पंचवटी विभागातील आडगावला ट्रक टर्मिनस आहे. लासलगाव व पिंपळगाव बसवंतचा कांदा आणि निफाड–दिंडोरीची द्राक्षे घेऊन मुंबईकडे निघालेले ट्रक पुढे कसारा घाट उतरतात. घाटात ब्रेक ड्रम तापतात, ती उष्णता रिममध्ये उतरते आणि वारंवार तापून व्हॉल्व्हचे रबरी बूड व टायरची कड (बीड) कडक होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एका एक्सलची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. म्हणजे प्रत्येक टायरवर २,५५० ऐवजी २,८७५ किलोपर्यंत भार येऊ शकतो, आणि अपुऱ्या हवेची चूक आता पूर्वीपेक्षा महाग पडते.

गळती की गारठा : दाब घटला की गळती आहेच, असे नसते. डिसेंबरात दुपारी ३० अंश सेल्सिअसला १२० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) भरलेला टायर पहाटे ८ अंशांना सुमारे ११० पीएसआय दाखवतो, कारण हवा थंड होऊन आकसते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. भिवंडीला उतरल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि गेज साधारण १ पीएसआय कमी दाखवतो. म्हणून ट्रक किमान तीन तास उभा राहिल्यावर, थंड टायरावर, एकाच गेजने सर्व चाकांचा दाब मोजून लिहावा. सगळी चाके सारखी उतरली असतील तर कारण हवामान. एकच चाक मागे पडले असेल तर गळती. तापलेल्या टायरचा वाढलेला दाब पाहून हवा सोडू नये. थंड झाल्यावर तो टायर कमी हवेचा निघतो.

चाकावरील शोध : आधी व्हॉल्व्ह पाहावा. टोपी काढून तोंडाला साबणाचे पाणी लावले की फुगे पिन सैल किंवा खराब असल्याचे सांगतात. नंतर व्हॉल्व्हचे बूड, मग नक्षी, बाजू आणि शेवटी रिमची कड तपासावी. ट्यूबलेस टायरात कडेखालचा गंज आणि खिळा ही नेहमीची कारणे. ट्यूबच्या टायरात फ्लॅपची घडी, चिमटलेली ट्यूब किंवा व्हॉल्व्हच्या मुळाशी गेलेली चीर आढळते; अशी ट्यूब काढून पाण्याच्या टाकीत बुडवतात व जागा खडूने खुणावतात. जोडचाकांतला आतला टायर सर्वांत दुर्लक्षित राहतो. त्याच्या व्हॉल्व्हला जोडलेली लांब नळी हलून सैल होते. आतला टायर बसला की त्याचा बहुतेक भार बाहेरचा उचलतो, आणि वरून चाक ठीक दिसत राहते. टॉमीने ठोकून आवाज ऐकल्यास पूर्ण बसलेला टायर कळतो, पण २० पीएसआयची घट कानाला कळत नाही. तिथे गेजच हवा.

स्वयंचलित हवाभरणीतील शोध : काही ट्रेलरांत ब्रेकच्या टाकीतली हवा संरक्षक झडप, दाबनियंत्रक, एक्सलमधली नळी आणि हबवरचा फिरता जोड यांतून धावत्या टायरात जाते. टाकीचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की संरक्षक झडप बंद होते, म्हणजे ब्रेकची हवा टायरांकडे जात नाही. चालकाला केबिनमधूनच टायरचा दाब बदलता येईल अशी सोय दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी उभयचर ट्रक ‘डीयूकेडब्ल्यू’मध्ये (उच्चार ‘डक’) आली. पुढे अनेक लष्करी ट्रकांनी ती घेतली. अशा प्रणालीत चाकांना अडसर लावून, टाकी पूर्ण भरून इंजिन बंद करावे व गेज पाहावे. काटा उतरत असेल तर टायरांकडे जाणारी झडप बंद करावी. काटा थांबला तर गळती झडपेच्या पुढे आहे. तरीही उतरला तर ती ब्रेकच्या बाजूला आहे व ट्रक हलवू नये. पुढच्या बाजूची गळती असेल तर एकेक चाक अलग करावे. अलग केल्यावर टायर दाब धरत असेल तर दोष नळीत किंवा फिरत्या जोडात असतो. हबच्या श्वासछिद्रातून हवा येणे हे जोडाचे सील गेल्याचे लक्षण. हवाभरणीचा दिवा सतत पेटलेला राहिला तर कुठेतरी हवा जात आहे.

साध्या ट्रकची मर्यादा : हवेच्या ब्रेकचा दाब साधारण ८ ते १० बार, म्हणजे ११६ ते १४५ पीएसआय असतो. ८ बारच्या ट्रकच्या हवेच्या टाकीवरील निपलवरून १२० पीएसआय मागणारा टायर पुरा भरत नाही. ही गळती नव्हे. तिथे दुकानातला कंप्रेसर लागतो. त्या कंप्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढावे, नाहीतर ते टायरात जाऊन रिम गंजवते आणि नवी गळती सुरू होते.

सुरक्षितता : ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर धावलेला टायर भरून पुढे निघू नये. त्याच्या बाजूतल्या पोलादी तारा तुटलेल्या असू शकतात आणि भरताना बाजू एका रेषेत उसवून फाटते. असा टायर पिन काढून रिकामा करावा, मगच नट सोडावेत आणि आतून तपासावा. जोडचाकांत दोन्ही टायर आधी रिकामे करतात. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, क्लिपचे तोंड व लांब नळी वापरावी आणि माणसाने बाजूला उभे राहावे; रिमची लॉक रिंग (टायर अडकवणारी कडी) उडण्याच्या रेषेत डोके कधीही नसावे. टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग करू नये. आतले रबर तापून वायू सुटतात व स्फोट होतो. पंक्चरच्या दुकानात काम करणाऱ्यांना पिंजरा व अचूक गेज मिळवून देणे ही ट्रकमालक आणि दुकानमालक दोघांचीही जबाबदारी आहे.