कालियादेह महाल : पाण्याचे उद्यान

मराठी यात्रेकरू उज्जयिनीस जातो तो महाकालेश्वराच्या दर्शनासाठी. शहराच्या उत्तरेस, भैरवगडाच्या पलीकडे, शिप्रेच्या पात्रातील बेटावर उभ्या असलेल्या कालियादेह महालाकडे त्याची पावले क्वचितच वळतात.

येथे पूर्वी सूर्यमंदिर होते, अशी परंपरा आहे. १५०० साली मांडूच्या गादीवर आलेल्या नासिरुद्दीन खिलजीने या जागी महाल उभविला. या सुलतानास उष्णतेचा विकार असल्याने तो दीर्घकाळ पाण्यातच राही, असे जहांगीर आपल्या आत्मवृत्तात सांगतो. मद्याच्या धुंदीत तो पाण्यात पडला असता सेवकांनी केस धरून त्यास वर काढले. त्या आगळिकीबद्दल त्याने त्यांचे हात तोडविले. पुन्हा तसाच पडला तेव्हा कोणीही पुढे झाले नाही, अशी कथाही त्याने दिली आहे. कथा चटकदार आहे, एवढेच तिच्याविषयी म्हणता येईल. अन्य तवारिखा सुलतानाचा अंत ज्वराने झाला असे सांगतात.

महालाचे खरे वैभव मात्र भिंतींत नाही. नदीचा प्रवाह बांध घालून अडवावा, दगडी पाटांतून वळवावा, कुंडामागून कुंडांत खेळवावा आणि शेवटी पुन्हा नदीस परत करावा, अशी ही योजना. लोक यांस बावन कुंडे म्हणतात. येथे ताटवे दुय्यम. पाणी हेच उद्यान. अकबर आणि जहांगीर यांच्या भेटींची नोंद करणारे फारसी लेख येथे आहेत. १६१७ मध्ये जहांगीर येथे उतरला, आणि त्याच मुक्कामात जदरूप गोसाव्याच्या गुहेत जाऊन त्याने त्याच्याशी वेदान्तचर्चा केली.

पेंढाऱ्यांच्या धामधुमीत महालाची पडझड झाली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी १९२० मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. त्यानंतर तीनच वर्षांनी त्यांनी सवाई जयसिंगाच्या वेधशाळेचीही दुरुस्ती करविली. दोहोंचे भाग्य मात्र निराळे ठरले. वेधशाळेस गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा ज्योतिर्विद अधीक्षक लाभला. यंत्रांबरोबर वेध घेणारी माणसेही आली आणि ती वास्तू जिवंत राहिली. महालास असे नित्याचे कार्य उरले नाही. तो ओस पडला व ढासळू लागला.

२०२२ मध्ये 'महाकाल लोक' खुले झाल्यापासून उज्जयिनीत येणाऱ्यांचा ओघ पुष्कळ वाढला आहे. २०२८ चा सिंहस्थही जवळ आला. कालियादेहही प्रेक्षणीय करावा, हा विचार अशा वेळी सुचणे स्वाभाविक होय. परंतु हिरवळ, कारंजी आणि रंगीत दिवे एवढ्यावर तो भागविला, तर ते कोणत्याही नगरपालिकेच्या बागेसारखे होईल. प्रथम हवे ते वाहते पाणी. आणि तेच दुर्लभ. पावसाळ्यात पुराने वेढणारी शिप्रा उन्हाळ्यात आटते. २०१४ पासून तर नर्मदेचे पाणी उपसून तिच्यात सोडावे लागते. तेव्हा कुंडे धुण्याआधी नदीचा विचार करावयास हवा.

शिवाय ही जागा अगदीच निर्जन नाही. भुतडी अमावास्येस माळव्यातील खेड्यापाड्यांतून हजारो लोक पीडित आप्तांना घेऊन बावन कुंडांत स्नानासाठी येतात. त्यांच्या श्रद्धेविषयी कोणाचे काहीही मत असो, सुलतानाच्या कुंडांशी आजवर अखंड नाते राखले ते यांनीच. उद्या फाटक बसले आणि तिकीट लागले, तर त्या रात्री ते कोणासाठी उघडावयाचे, हे आराखडा आखतानाच ठरवावे लागेल.