पिकअप आणि ट्रॅक्टर: डिझेल पंपाच्या वेग सेन्सरमधील बिघाड कसा ओळखावा

वसई, पालघर, शहापूरकडून पहाटे पालेभाजी आणि फुले घेऊन निघालेली पिकअप दहिसर किंवा मुलुंडजवळ अचानक बंद पडते. सेल्फ फिरतो, टाकीत डिझेल असते, पण इंजिन पकडत नाही. बऱ्याच वेळा गॅरेजमध्ये ‘पंप गेला’ असे सांगितले जाते. पंप आणि सेन्सर यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असल्यामुळे पंप उतरवण्यापूर्वी पुढील तपासणी करून घ्यावी.

आपल्या गाडीत हा सेन्सर आहे का?

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये इंधन सोडण्यासाठी वेग सेन्सर लागत नाही. तेथे गव्हर्नर वजनांवर चालतो, आणि इंजिन अचानक बंद झाल्यास आधी स्टॉप सोलेनॉइड, त्याची वायर व फ्यूज पाहावा. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ मानक लागू झाले, तर मालवाहू गाड्यांना १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. या इंजिनांमध्ये बहुधा कॉमन रेल प्रणाली असते. क्रँक सेन्सर इंजिनाचा वेग मोजतो. कॅम सेन्सर कोणत्या सिलिंडरची पाळी आहे ते सांगतो. काही इंजिनांत हा दुसरा सेन्सर पंपावर किंवा पंपाच्या गिअरसमोर असतो, म्हणून त्याला पंपाचा सेन्सर म्हणतात. काही इलेक्ट्रॉनिक रोटरी पंपांत तो पंपाच्या आतच असतो. असा पंप रस्त्यावर उघडू नये, तो कॅलिब्रेशनच्या टेस्ट बेंचवरच तपासावा लागतो.

लक्षणे

डिझेल कमी पडले, फिल्टर चोंदला किंवा हवा शिरली तर इंजिन आधी अडखळते, ओढ कमी होते आणि मग बंद पडते. सेन्सरचा सिग्नल तुटल्यास चावी फिरवल्यासारखे एकदम बंद होते. गरम झाल्यावर बंद पडणे आणि अर्ध्या-पाऊण तासाने थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणे ही सेन्सरच्या कॉइलची ठळक खूण आहे. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलला नाही, तर अनेक गाड्यांत क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा. कॅम सेन्सर गेल्यास काही इंजिने चालू राहतात, पण एकदा बंद केली की सुरू होत नाहीत.

तपासणीचा क्रम

बॅटरी पहिली. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेले तर चांगला सेन्सरही खराब भासतो. मग स्कॅनर लावावा. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचे सर्किट, पी०३४० म्हणजे कॅम सेन्सरचे. पी००१६ आल्यास दोन्ही सिग्नलांचा मेळ बसत नाही. तेव्हा टायमिंग चेन किंवा बेल्टही पाहावा. ट्रॅक्टरमध्ये एसपीएन ६३६ आणि ६३७ असे कोड दिसू शकतात. कोड सर्किटचे नाव सांगतो, सेन्सर खराब आहे असे सांगत नाही. येथेच सर्वाधिक पैसे वाया जातात.

म्हणून कनेक्टर काढून पाहावा. मुंबई उपनगरात खारी हवा आणि पावसाळा असल्यामुळे पिनांवर हिरवट गंज चढतो. अंधेरी सबवेसारख्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर कनेक्टरमध्ये ओल हमखास शोधावी. (एअर फिल्टरपर्यंत पाणी गेले असल्यास सेल्फ मारूच नये, इंजिन फुटू शकते.) बाजाराजवळ रात्रभर उभ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही पाहावे. वायरीचे वेष्टण टोचून तपासू नये, त्या छिद्रातून पुढे पाणी शिरते. कनेक्टरच्या मागून बारीक पिन घालावी.

दोन वायरींचा सेन्सर बहुधा चुंबक-कॉइलचा असतो. कनेक्टर काढून त्याचा रोध मोजावा आणि गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. अमर्याद आकडा म्हणजे कॉइल तुटली. सेल्फ मारताना त्यावर थोडे एसी व्होल्टेज दिसले पाहिजे. काही सेन्सरना दोन सिग्नल वायरींसोबत तिसरी शील्डची असते, त्यामुळे आधी वायरिंगचा नकाशा पाहावा. हॉल प्रकारच्या तीन वायरींच्या सेन्सरचा रोध मोजू नये. त्याला पुरवठा आणि अर्थ मिळतो का ते पाहावे, आणि इंजिन हळू फिरवताना सिग्नल वर-खाली होतो का ते पाहावे. पुरवठाच नसेल तर सेन्सर बदलून काही होणार नाही. या वायरींवर टेस्ट लॅम्प लावू नये, ईसीयू जळू शकतो.

सेन्सर बाहेर काढल्यावर टोकाला लोखंडाचा कीस चिकटला आहे का पाहावे. पुसल्यावर गाडी सुरू झाली तरी कीस कोठून आला ते शोधणे आवश्यक आहे. बसवताना मूळची वॉशर आणि अंतर तेच ठेवावे.

चालू किंवा नुकत्याच बंद केलेल्या कॉमन रेल इंजिनाचा उच्च दाबाचा पाइप कधीही ढिला करू नये. १,००० बारहून अधिक दाबाची धार कातडीत घुसते. अशी इजा झाल्यास जखम लहान दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर पालेभाजीवरची ताडपत्री घट्ट बांधून ठेवू नये, आत उष्णता कोंडून माल पिवळा पडतो. ओली पोती टाकून बाजूंनी हवा खेळती ठेवावी आणि दुसऱ्या गाडीत माल हलवण्याची सोय आधी करावी.