फावल्या वेळेचे संगीत



उभा जन्म कामगार संघटनेत काढलेल्या माणसाने या वसंत व्याख्यानमालेत रॉक संगीतावर बोलावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. बोनस, महागाईभत्ता आणि बडतर्फी या विषयांवर आम्हांला तासन् तास बोलता येते, अशी आमची ख्याती आहे. परंतु संगीतातले आम्हांला काही कळते असा आरोप आजवर कोणी केलेला नाही. तेव्हा स्वरतालाची चर्चा आम्ही करणार नाही. आम्ही बोलणार आहोत ते माणसाच्या फावल्या वेळेविषयी. तो वेळ त्याला कसा मिळाला, त्यात त्याने काय केले, आणि म्हातारपणीही ते त्याला का सोडवले नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे. त्यासाठी आपण इंग्लंडातील लिव्हरपूल बंदराकडे जाऊ.

हे शहर मुंबईला अगदीच परके नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि आपल्या मुंबईहून कापसाच्या गासड्या लिव्हरपूलला जाऊ लागल्या. मुंबईतील कित्येक पेढ्या त्या पैशावर उभ्या राहिल्या आणि युद्ध थांबताच कित्येक बुडाल्या. ज्या लिव्हरपूलच्या बाजारात हा कापूस विकला जाई, तेथेच पुढे विसाव्या शतकात जिम मॅकार्टनी नावाचा एक गृहस्थ कापसाचा विक्रेता म्हणून काम करीत होता. दिवसा कापूस आणि रात्री संगीत, असा त्याचा क्रम. १९२० नंतरच्या दशकात त्याने मित्रांना घेऊन स्वतःचा जाझ बँड काढला होता. तो ट्रंपेट वाजवी. पुढे दातांनी दगा दिला तेव्हा पियानोवर बसला. पोटापाण्यासाठी त्याने संगीत कधी केले नाही. याच हौशी वादकाचा मुलगा पॉल पुढे जगप्रसिद्ध झाला.

आता १९५६ सालाकडे येऊ. लॉनी डॉनेगन या गायकाचे ‘रॉक आयलंड लाइन’ हे गाणे त्या वर्षाच्या आरंभी इंग्लंडात घरोघर पोहोचले. मूळ गाणे अमेरिकेतील; तेथील तुरुंगातले कैदीही ते गात. ‘स्किफल’ नावाच्या या संगीताची खुबी अशी, की त्याला वाद्ये जवळजवळ लागतच नसत. एखादी स्वस्त गिटार असली म्हणजे झाले. कपडे घासण्याची खाचांची पत्र्याची फळी घ्यायची, बोटांत शिंप्याची अंगुस्ताने घालायची आणि ती ठेक्यात खरवडायची. आसामचा आणि सिलोनचा चहा ज्या लाकडी खोक्यांतून विलायतेला जाई, तसले एक रिकामे खोके उपडे घालायचे, त्यावर झाडूचा दांडा उभा करून दोरी ताणायची, की खर्जाचा आवाज तयार! मळ्यातल्या आमच्या मजुरांनी भरलेली खोकी अशी विलायतेच्या पोरांची वाद्ये झाली. हजारो मुलांनी गल्लोगल्ली बँड काढले.

ही मुले एकाएकी कोठून आली? याची कारणे इतिहासात आहेत. सक्तीची लष्करी नोकरी बंद करण्याचा निर्णय इंग्लंडात १९५७ साली जाहीर झाला, आणि १९६० साल संपताना नवी भरती थांबली. ऐन उमेदीची दोन वर्षे बराकीत जाणार होती, ती वाचली. कारखान्यांत काम होते, उमेदवारी करणाऱ्या पोराच्याही खिशात चार शिलिंग खुळखुळत होते, आणि गिटार किंवा ड्रम हप्त्याने मिळत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शनिवार मोकळा होता. हा शनिवार कोणी देणगी म्हणून दिलेला नव्हता. १८५० च्या कायद्याने तिकडच्या कापडगिरण्यांत स्त्रियांचे आणि तरुणांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. त्यापुढचा एकेक तास कामगारांनी झगडून मिळवला.

अशाच एका शनिवारी, ६ जुलै १९५७ रोजी, लिव्हरपूलच्या वूलटन भागात सेंट पीटर्स चर्चची जत्रा होती. मिरवणुकीत पुढे चेशायर येओमनरीचा लष्करी बँड आणि मागे एका लॉरीवर ‘क्वारीमेन’ नावाचा पोरांचा बँड. त्यात गाणारा जॉन लेनन. एरिक ग्रिफिथ्सची गिटार, रॉड डेव्हिसचा बँजो, लेन गॅरीचे चहाचे खोके, पीट शॉटनची कपडे घासायची फळी आणि कॉलिन हॅन्टनचे ड्रम. संध्याकाळी चर्चच्या दिवाणखान्यात लेनन आणि पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी यांची ओळख झाली. तेथून जो इतिहास घडला तो सर्वांना पाठ आहे. आम्ही तो सांगत बसणार नाही. लॉरीवरची बाकीची मुले कोठे गेली, याचे आम्हांला अधिक कुतूहल आहे.

ती बाकीच्या जगासारखीच पोटामागे गेली. ग्रिफिथ्स व्यापारी जहाजावर गेला. शॉटन पुढे उपाहारगृहांच्या व्यवसायात शिरला. डेव्हिस केंब्रिजला शिकला आणि शिक्षक झाला. हॅन्टन त्या वेळी अठरा वर्षांचा. तो खुर्च्या-कोचांना गाद्या आणि कापड चढवण्याचे काम शिकत होता. त्याचे ड्रम हप्त्यावर घेतलेले. १९५८ साली लिव्हरपूलमधील एका घरगुती स्टुडिओत या बँडने आपली पहिली तबकडी मुद्रित केली, तीत लेनन, मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन यांच्याबरोबर ड्रमवर हाच हॅन्टन होता. परंतु पुढे लवकरच बसकामगारांच्या एका क्लबातील कार्यक्रमानंतर परतताना वादावादी झाली. हॅन्टन आपले ड्रम घेऊन बसमधून उतरला आणि पुन्हा त्या मुलांबरोबर वाजवायला गेला नाही. भांडण क्षुल्लक, पण त्या बसथांब्यावर त्याची वाट वेगळी झाली. त्याने गाद्या-खुर्च्यांचे काम केले आणि संसार केला.

येथे बसकामगारांचा क्लब आला, तो योगायोग नव्हे. जॉर्ज हॅरिसनचे वडील स्वतः बसवर कंडक्टर आणि पुढे ड्रायव्हर होते, आणि बसडेपोच्या क्लबातील करमणुकीचे कार्यक्रम तेच जमवीत. जहाज गोदी, बसडेपो, चर्चचा दिवाणखाना या ठिकाणी या संगीताचे बाळपण गेले. मॅथ्यू स्ट्रीटवरचे ‘कॅव्हर्न’ हे गोदामाखालचे तळघर १९५७ साली उघडले. पुढे तेथे दुपारच्या सुट्टीतही बँड वाजत, आणि कचेऱ्यांतली व दुकानांतली मुले-मुली जेवणाच्या तासात धावत येऊन, हातात डबा धरून ते ऐकत. बीटल्स तेथे अडीचशेहून अधिक वेळा वाजवून गेले.

आता आमच्याच बाजूची एक अडचण सांगितली पाहिजे. वादकांची संघटनाही कामगार संघटनाच आहे. इंग्लंडातील वादकांची युनियन १८९३ साली मँचेस्टरला स्थापन झाली. १९२७ नंतर बोलपट आले आणि मूकपटांना साथ करणारे हजारो वादक बेकार झाले. त्या घावाने शहाणी झालेली युनियन पुढे फार कडक झाली. १९३५ पासून अमेरिकन बँडना इंग्लंडात कामाचे परवाने मिळणे जवळजवळ बंद झाले. १९५६ साली ‘तुमचा एक बँड आमच्याकडे, आमचा एक तुमच्याकडे’ असा तोडगा निघाला, तेव्हा कोठे दार किलकिले झाले. रेडिओवर तबकड्या किती वेळ वाजवायच्या यावरही मर्यादा होती. त्या मर्यादेपायी बीबीसीला वादकांना बोलावून प्रत्यक्ष वाजवून घ्यावे लागे. बीटल्सनी १९६२ ते १९६५ या काळात बीबीसीसाठी जी असंख्य गाणी वाजवली, त्यामागे हे कारण होते. म्हणजे एकाच युनियनच्या धोरणाने एका बाजूने श्रोत्यांची उपासमार केली आणि दुसऱ्या बाजूने त्यांना ताजे अन्न वाढले. या युनियनला आम्ही दोष देणार नाही. भाकरीवर घाला आला असता आम्हीही तेच केले असते. परंतु हौशी वादक तिच्या डोळ्यांत सलत असे, हे खरे. जो फुकट किंवा बिअरच्या पेल्यावर वाजवतो, तो पोट भरणाऱ्याचा दर पाडतो, हा युक्तिवाद खोटा नाही.

आम्हीही हाच युक्तिवाद वर्षानुवर्षे करीत आलो, आणि त्यापायी एका माणसाशी अन्यायाने वागलो. आमच्या संघटनेत एक फिटर होता; गिटार वाजवणारा. एकदा रविवारच्या सभेला तो आला नाही, कारण त्याच्या बँडची तालीम होती. पुढच्या सभेत आम्ही चारचौघांत त्याला म्हणालो, “तुमची ही थेरं मालकाच्या सोयीची आहेत.” तो काही बोलला नाही. वर्गणी मात्र शेवटपर्यंत वेळेवर देत राहिला. निवृत्तीनंतर अनेक वर्षांनी त्याने आम्हांला एका छोट्या कार्यक्रमाला बोलावले. साठी उलटलेली चार माणसे, समोर चाळीस श्रोते. आम्हांला त्यातले गाणे कळले नाही, पण मशीनवर उभे राहून सुजणारे त्याचे पाय त्या दोन तासांत एकदाही खुर्ची शोधीत नव्हते, एवढे दिसले. आम्ही विचारले, “तबकडी घरी ऐकता येते, मग या वयात हा खटाटोप कशाला?” तो म्हणाला, “साहेब, तबकडीत माझी चूक होत नाही ना.”

हे वाक्य घेऊन आम्ही घरी आलो आणि नारायण मेघाजी लोखंड्यांचे चरित्र पुन्हा वाचले. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि सहा वर्षे झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडली. मग त्या रविवारी गिरणगावात काय झाले? भजनी मंडळे उभी राहिली, नमने झाली, शक्तीतुरे रंगले. साच्यावर उभा राहणारा माणूस रात्री पखवाजावर बसला. त्याला कोणी व्यावसायिकांचा शत्रू म्हटले नाही. आम्ही मात्र आमच्या फिटरला रविवार मिळवून दिल्याचा अभिमान बाळगला आणि त्या रविवारी त्याने काय करावे हेही ठरवू लागलो. मालक तरी याहून वेगळे काय करतो?

पण वेळ मिळून भागत नाही, जागाही लागते. कॅव्हर्नचे तळघर १९७३ साली बंद झाले आणि भूमिगत रेल्वेच्या कामासाठी वरची इमारत पाडली गेली. १९८४ साली ते पुन्हा उभारावे लागले. इंग्लंडात पूर्वी दोन वादकांपर्यंत दारूगुत्त्यात वेगळ्या परवान्याशिवाय वाजवता येई. २००३ च्या कायद्याने ती सवलत गेली आणि एकट्या गिटारवाल्यालाही परवानगीची गरज पडू लागली. बरीच ओरड झाल्यावर २०१२ साली नवा कायदा करून लहान जागांना रात्री अकरापर्यंत मोकळीक दिली गेली. आपल्या मुंबईत धोबीतलावचे रंगभवन हे रॉक संगीताचे खुले घर होते. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव तेथेच वाढला. शेजारी इस्पितळ आणि महाविद्यालय असल्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम लागू झाला आणि २००३ च्या सुमारास तेथील गजर थांबला. रुग्णाला शांतता हवी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण एक जागा बंद करताना दुसरी द्यावी, हे कोणाला सुचले नाही.

आता त्या लॉरीवरच्या मुलांकडे परत जाऊन संपवतो. १९९७ साली कॅव्हर्नच्या चाळिसाव्या वर्षाच्या समारंभात ही जुनी मंडळी एकत्र आली, आणि त्याच जुलैत वूलटनच्या त्याच जत्रेत क्वारीमेन पुन्हा उभे राहिले. अडतीस वर्षे ज्यांनी बँडची संगत सोडली होती ते हॅन्टन वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा ड्रमवर बसले. पुढे त्यांनी देशोदेशी कार्यक्रम केले. ग्रिफिथ्स २००५ साली गेले, शॉटन २०१७ साली गेले. बाकीचे वाजवीत राहिले. २०१८ साली हॅन्टन यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. लोक त्यांना ऐकायला येत ते लेननच्या नावामुळे, हे त्यांनाही ठाऊक होते. पण लेननच्या नावाने माणूस व्यासपीठापर्यंत येतो. तेथे ठेका धरायचा तो स्वतःच्याच मनगटाने.

आमच्या फिटरची क्षमा आम्ही त्याच्या घरी जाऊन मागितली. त्याने चहा दिला आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगितली. तो रविवार होता, आणि त्या दिवशी आमची सभा होती. आम्ही सभा शनिवारी घेतली.