सदलगा परिसरातील छोट्या ट्रॅक्टरची स्टेअरिंग-दुरुस्ती

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात यंत्रदुरुस्तीचा धंदा ट्रॅक्टरच्या बराच आधी रुजला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवले आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. झिजलेला भाग तेवढा बदलायचा आणि बाकीचे अवजार तसेच चालवायचे, ही सवय शेतकऱ्याला लोखंडी नांगराने लावली. मागोमाग नदीकाठी पाणी उचलणारी ऑईल इंजिने आली. ऐन उन्हाळ्यात इंजिनाचा बुश गेला, तर कारखान्याच्या मालाची वाट पाहण्याइतकी सवड उसाला नसते. कोल्हापूरचे उद्यमनगर आणि बेळगावचे उद्यमबाग येथील ओतशाळा व लेथ अशा कामांना जवळच्या होत्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी चिक्कोडी तालुक्यासह सदलगा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेले, पण मिस्त्री आणि सुटे भाग यांची इचलकरंजी-कोल्हापूरकडची वाट काही बदलली नाही.

या काळात स्टेअरिंगची भानगड लहान शेतकऱ्याच्या वाट्याला आली नव्हती. बैलगाडी बैल वळवतील तशी वळते. बेंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीचे (स्थापना 1967) मित्सुबिशीच्या सहकार्याने बनलेले पॉवर टिलरही हँडलजवळच्या क्लचने वळतात. त्याच कंपनीचा सुमारे 18 हॉर्सपॉवरचा ‘मित्सुबिशी शक्ती’, पुढे महिंद्राचा 15 हॉर्सपॉवरचा ‘युवराज’ आणि कुबोटाची लहान यंत्रे आली, तेव्हा टाय रॉड (पुढची दोन्ही चाके जोडणारा दांडा) व किंग पिन (चाक ज्यावर वळते ती खीळ) लहान शेतकऱ्याच्याही खर्चात शिरले.

उसाच्या आंतरमशागतीत या भागांचे हाल होतात. सरी संपली की बांधाजवळच्या अरुंद जागेत चाक पूर्ण वळवावे लागते, तेही बहुधा ट्रॅक्टर जागच्या जागी उभा असताना. काळ्या मातीचा चिखल किंग पिनच्या सीलमधून आत शिरतो आणि ग्रीसमध्ये मिसळून पिन घासत राहतो. हळूहळू स्टेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो.

प्ले दिसला की स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळायचा, हा घाईचा उपाय. त्याने स्टेअरिंग जड होते आणि दोष जिथल्या तिथे राहतो. जाणता मिस्त्री एकाला स्टेअरिंगचे चाक थोडे-थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगतो आणि स्वतः ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड अशा क्रमाने प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवत जातो. मग पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून पुढचे चाक वर-खाली धरून हलवतो. चाकाबरोबर स्टब ॲक्सलही डुलला तर दोष किंग पिनच्या बुशात असतो. चाक एकटेच हलले तर बेअरिंगमध्ये.

बुश झिजलेला असेल तर काम स्वस्तात भागते. जुना बुश ठोकून काढतात, लेथवर गनमेटलचा नवा तयार करून दाबून बसवतात आणि पिनच्या मापाने रीमर फिरवतात. बुशाचे भोक ग्रीस निपलसमोर येते की नाही हे पाहणे महत्त्वाचे. ते चुकले तर ग्रीस आत जात नाही आणि नवा बुशही लवकर संपतो. झिजलेल्या पिनवर वेल्डिंग भरून ती पुन्हा लेथवर घेण्याची पद्धत आहे. पण वेल्डिंगच्या उष्णतेने पृष्ठभागाचा कठीणपणा जातो. त्यापेक्षा चांगल्या पोलादाची नवी पिन करून घेणे परवडते. पुढच्या चाकांनाही ड्राइव्ह असलेल्या ट्रॅक्टरात मात्र ॲक्सलमध्ये गिअर, बेअरिंग आणि सील असतात. तिथे बुशाची युक्ती चालत नाही.

जोडणी झाल्यावर दोन्ही चाकांमधले अंतर पुढून आणि मागून मोजतात. पुढून ते काही मिलिमीटर कमी असावे लागते, नाहीतर टायर घासून जातात. टाय रॉडच्या बॉल जॉइंटला मात्र वेल्डिंगचे ठिगळ कधीच लावू नये. गोळा खोबणीतून निसटला तर एक चाक सुटे पडते आणि उसाने भरलेली ट्रॉली मागे असताना ट्रॅक्टर आवरत नाही. हा भाग नवाच घालावा.