लंडन शहरातील रोमन किल्ला : क्रिपलगेट येथील अवशेषांचा विचार

रोमन लंडनच्या, म्हणजेच लोंडिनियमच्या तटबंदीचा नकाशा पाहिला असता वायव्य भागातील एक विसंगती चटकन लक्षात येते. पश्चिमेकडून येणारा तट ऑल्डर्सगेटच्या पुढे एकाएकी उत्तरेस वळतो आणि काही अंतरावर पुन्हा पूर्वेची दिशा धरतो. नगर वेढण्यासाठी अशा कोनाची गरज नव्हती. या वळणाचा उलगडा दुसऱ्या महायुद्धापर्यंत झाला नव्हता.

२९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बवर्षावात क्रिपलगेटचा परिसर बेचिराख झाला. एरवी इमारतींखाली दडलेली जमीन त्यामुळे अभ्यासकांना प्रथमच उपलब्ध झाली. १९४७ पासून पुरातत्त्ववेत्ते डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी येथे उत्खनने केली. नोबल स्ट्रीटलगत त्यांना जी भिंत मिळाली ती एक नसून परस्परांना चिकटलेल्या, परंतु एकमेकींत न गुंफलेल्या दोन भिंती होत्या. बाहेरची सुमारे १.२ मीटर जाडीची व जुनी. आतली नंतर लावलेली. शिवाय जुनी भिंत नैर्ऋत्य कोपऱ्यात गोलाकार वळत होती आणि त्या वळणात आतल्या बाजूस बुरूज होता. गोल कोपऱ्याचा चौकोन ही रोमन लष्करी बांधकामाची ठरलेली खूण होय. इ.स. १२० च्या सुमारास येथे सुमारे १२ एकरांचा किल्ला उभा राहिला, इ.स. २०० च्या सुमारास नगरतट बांधताना त्याच्या उत्तर व पश्चिम भिंती आतून जाड करून त्यात सामावून घेण्यात आल्या. तटाच्या विचित्र वळणाचे कारण हेच.

सीमेपासून इतक्या दूर, व्यापारी नगरात किल्ला असणे हे साम्राज्यात सर्रास आढळत नाही. प्रांताधिपतीचे रक्षक व त्याच्या कार्यालयात नेमलेले सैनिक, मिळून सुमारे एक हजार, येथे राहत असावेत, असे मानले जाते. किल्ल्याच्या आग्नेयेस, गिल्डहॉलखाली, १९८८ मध्ये रोमन रंगमंडल सापडले. त्यामुळे हा लष्करी तळ नगरजीवनापासून अलिप्त नव्हता, या मताला पुष्टी मिळते.

ग्राइम्स यांना १९५४ मध्ये मिथ्रस देवाचे मंदिर सापडले, तेव्हा ते पाहण्यास लंडनकरांनी रांगा लावल्या. किल्ल्याच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. वास्तविक नगररचनेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने भिंतीच्या जाडीवरून लागलेला हा शोध अधिक मोलाचा ठरतो. किल्ल्याचा उत्तर दरवाजा मध्ययुगातही क्रिपलगेट म्हणून वापरात होता, आणि त्यातील मुख्य दक्षिणोत्तर रस्त्याची रेषा आजच्या वुड स्ट्रीटने राखली आहे.

युद्धोत्तर पुनर्बांधणीत मोकळी झालेली ही भूमी पुन्हा झाकली गेली. शेजारचे लंडन संग्रहालय १९७६ मध्ये सुरू झाले. तेथील वास्तू डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली. नोबल स्ट्रीटवरील दुहेरी भिंत रस्त्यावरून दिसते. पश्चिम दरवाजाची पहारेकऱ्यांची खोली मात्र ‘लंडन वॉल’ नावाच्या रस्त्याखालील भुयारी वाहनतळालगत बंद दालनात आहे. एरवी कुलूप असलेले हे दालन ठराविक दिवशीच अभ्यागतांसाठी उघडते.