स्वर्गात आपली माय कुठं बसणार?

१८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडात उतरला तेव्हा खामगावला रेल्वे येऊन तीस वर्षं झाली होती. कापूस मुंबईला न्यायला रूळ होते. महारवाड्यात, मांगवाड्यात ज्वारी विकत घ्यायला पैसा नव्हता. माणसं रस्त्यावर मेली, लेकरं उरली. ती लेकरं कोणी उचलली? गावच्या पाटलानं नाही, देशमुखानं नाही, शास्त्री-पुराणिकानं तर नाहीच. अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशननं उचलली. खामगावला मुलींचं अनाथालय चाललं. भाकर मिळाली, पाटी मिळाली, अंगावर कापड आलं. हे आधी कबूल करायचं आणि मगच पुढं बोलायचं. मिशनला शिव्या देण्याचा हक्क ज्यांनी दार लावून घेतलं त्यांना नाही.

पण मित्रांनो, भाकरीबरोबर स्वर्गही आला. ही मिशन काढणारे ए. बी. सिम्पसन यांची शिकवण अशी, की शुभवर्तमान सगळ्या राष्ट्रांत पोचलं की राजा ख्रिस्त परत येणार. म्हणून घाई. गाव बदलण्यापेक्षा आत्मा वाचवण्याची घाई.

आता त्या अनाथालयातल्या एखाद्या पोरीचा विचार करा. माय दुष्काळात गेली, बाप्तिस्मा न घेता गेली. येशूचं नावही तिनं ऐकलेलं नव्हतं. पोरीला सांगतात, विश्वास ठेवशील तर स्वर्गात जाशील. मग माय कुठं? जुनं कडक उत्तर एकच होतं : बाहेर. जिनं आपल्या तोंडचा घास पोरीला दिला ती बाहेर, आणि पोर आत, सोन्याच्या रस्त्यावर. तिथं तिला सुख कसं लागावं? एक तर तिनं माय विसरायची, म्हंजे ती तीच पोर राहिली नाही. नाही तर आठवायची, म्हंजे स्वर्ग गेला.

युरोपातल्या धर्मपंडितांना हा पेच ठाऊक होता. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या टर्टुलियननं तर शेवटच्या न्यायाचा दिवस तमाशासारखा रंगवला. छळ करणारे राजे जळताना बघून आपल्याला आनंद होईल म्हणाला. त्याच्या लोकांना रोमन सत्ता जनावरांपुढं टाकत होती, तेव्हा त्याचा राग समजतो. आपल्यालाही तसा राग येतो. पण तेराव्या शतकात चर्च स्वतःच सत्तेवर बसलं होतं, तरी थॉमस अक्विनसनं लिहिलं की नरकातल्यांची शिक्षा स्वर्गातल्यांना दिसेल आणि त्यांना त्यांची दया येणार नाही. दया गेली की उरतं काय?

फ्रिसिया देशाच्या राडबोड राजाची दंतकथा सांगतात. बाप्तिस्म्याच्या पाण्यात एक पाय टाकला आणि त्यानं विचारलं, माझे वाडवडील कुठं आहेत? नरकात, असं उत्तर आलं. राजानं पाय मागं घेतला. क्युबातल्या हातुएची गोष्ट तर आपल्या काळजाला भिडणारी. १५१२ साली स्पॅनिशांनी त्याला जाळायला बांधलं. पाद्री म्हणाला, बाप्तिस्मा घे, स्वर्गात जाशील. त्यानं विचारलं, तिथं हे स्पॅनिशही असतात काय? चांगले असतील ते असतात, पाद्री म्हणाला. मग मला तिथं जायचं नाही, असं हातुए म्हणाला. लास कासास या पाद्र्यानंच हे लिहून ठेवलं. पाटील जिथं आधीच जागा धरून बसला, तिथं आपण कशाला जायचं?

आणि शब्द तरी कोणता घेतला मिशनऱ्यांनी? स्वर्ग! इंद्राचा, अप्सरांचा, पुण्य संपलं की खाली ढकलणारा. बामणाच्या घरातलं भांडं उसनं आणून त्यात नवं पाणी ओतलं.

बुद्धाच्या काळीही स्वर्गाचं आमिष होतं. नंद नावाचा भिक्खू अप्सरांच्या आशेनं साधना करत होता. बाकीचे भिक्खू त्याला भाडोत्री म्हणू लागले, तेव्हा तो शरमला. दुष्काळातल्या ख्रिस्त्यांना लोक तांदळाचे ख्रिस्ती म्हणून हिणवायचे. मला विचाराल तर पोटासाठी धर्म घेणारा भुकेला माणूस स्वर्गासाठी घेणाऱ्या भरल्या पोटाच्या माणसापेक्षा खरा.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी घोषणा केली, तेव्हा मिशनऱ्यांनी आशेनं पाहिलं. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांची स्थिती तपासली. जात चर्चमध्येही जिवंत होती, आणि मेल्यानंतरच्या मुक्तीकडे डोळे लागले की जमिनीवरचा अन्याय सोसण्याची सवय लागते, हे त्यांनी ओळखलं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी निब्बाण मरणापलीकडं ठेवलंच नाही; जित्या माणसाचं, याच संसारातलं सुख म्हणून मांडलं. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बुलडाणा जिल्ह्यातले महारवाडे मोठ्या संख्येनं बौद्ध झाले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातले ख्रिस्ती एक टक्काही नाहीत.

पण त्या थोड्यांमध्ये आपलीच माणसं आहेत, त्याच दुष्काळाची नातवंडं-पतवंडं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं त्यांना अनुसूचित जातीतून वगळलं. शिखांना १९५६ साली घेतलं, आपल्याला, बौद्धांना, १९९० साली. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्यासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. आपण आत बसलो आहोत आणि ते दाराशी उभे आहेत. त्यांच्या मागणीवर आपली भूमिका काय, हे पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारावं.