उमराणीची मोकळी वाट

उमराणी हे जत तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेलगतचं गाव. सांगली जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला पाऊस बेताचाच. उन्हाळा लागला की माणसांच्या आधी गुराढोरांच्या पाण्याची काळजी. 1673 च्या एप्रिलमध्ये याच शिवारात आदिलशाही सरदार बहलोलखानाची फौज पाण्यावाचून कोंडली गेली. कोंडी करणारे होते मराठ्यांचे सरनौबत प्रतापराव गुजर. खान तावडीत सापडला होता. प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं.

हे बरोबर झालं की चूक, आणि असं वागणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, याचा निवाडा तेव्हापासून चालू आहे. आज काल्पनिक दुनियेतले भूमिकांचे खेळ खेळणारी मुलं नेमका हाच प्रश्न सोडवत बसलेली असतात: आपलं पात्र सज्जन की दुष्ट, शिस्तीतलं की मनाला येईल तसं वागणारं? प्रतापरावांना या खेळाच्या मापानं मोजून पाहिलं, तर मापही तपासलं जातं आणि उमराणीची गोष्टही अधिक खोलवर कळते.

प्रतापराव साताऱ्याकडचे, खटाव भागातल्या भोसऱ्याचे. मूळ नाव कुडतोजी. 1672 मध्ये साल्हेरला मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, त्या विजयात मोरोपंत पिंगळ्यांच्या बरोबरीनं त्यांचा वाटा होता. पुढच्या वर्षी मार्चमध्ये कोंडाजी फर्जंद यानं मूठभर माणसांनिशी पन्हाळा घेतला. तो परत मिळवायला विजापूरहून बहलोलखान निघाला, आणि त्याला वाटेतच अडवायची कामगिरी प्रतापरावांवर आली. उमराणीजवळ त्यांनी आधी पाणवठा धरला. एप्रिलचं ऊन, तळावर हत्ती, घोडे, बैल आणि हजारो माणसं. अशा वेळी तोफा आणि दारूगोळा असूनही फौज पांगळी होते. लढाई झाली, माणसं पडली, आणि खानानं बोलणं लावलं. पुन्हा तुमच्या वाटेला जाणार नाही, असा त्याचा शब्द. प्रतापरावांनी शब्दावर विश्वास ठेवला आणि वाट मोकळी करून दिली.

शिवाजी महाराजांना ही बातमी कळली तेव्हा ते संतापले. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत हा प्रसंग आहे. हा सलोखा कुणाच्या हुकमानं केला, असा जाब महाराजांनी विचारला. खान काही महिन्यांत शब्द मोडून पुन्हा चालून आला. मग सेनापतीला बजावण्यात आलं की त्याचा निकाल लावल्याशिवाय तोंड दाखवू नका. 24 फेब्रुवारी 1674 रोजी गडहिंग्लजजवळच्या नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि ठार झाले. इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी यानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिहिलेल्या पत्रात सेनापतीबरोबर सहा स्वार पडल्याचं आणि बाकीची फौज मदतीला न आल्याचं नोंदलं आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे नेसरी घराघरांत पोहोचली. ज्या उमराणीमुळे नेसरी घडली, ती मात्र तितकी कुणाच्या तोंडी नाही.

आता खेळाचं माप. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. खेळाडू एखाद्या योद्ध्याची, मांत्रिकाची किंवा चोराची भूमिका घेतो, एक जण गोष्ट पुढे नेतो, आणि पात्र काय बोलेल, काय करेल, हे खेळाडू आयत्या वेळी ठरवतो. प्रत्येक पात्राला एक बाजू नेमून दिलेली असते. खेळणारे तिला अलाइनमेंट म्हणतात. सुरुवातीला बाजू तीनच होत्या: व्यवस्था, तटस्थता आणि अराजक. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुत कादंबऱ्यांतून आली होती. तिच्यात एक अडचण होती. व्यवस्था म्हणजे चांगलं आणि अराजक म्हणजे वाईट, असंच सगळे धरून चालत. कायद्यानं वागणारा जुलमी राजा आणि कायदा मोडणारा दयाळू बंडखोर यांना त्यात जागाच नव्हती. म्हणून 1978 च्या नियमपुस्तकापर्यंत दोन वेगळी मापं आली. एका मापावर सज्जन, तटस्थ, दुष्ट. दुसऱ्यावर नियमनिष्ठ, तटस्थ, स्वच्छंद. तीन गुणिले तीन, नऊ घरं.

प्रतापरावांचा गुंता इथे पहिल्यांदा नीट उलगडतो. तहानेनं तडफडणाऱ्या शत्रूला जीवदान देणं हे एका मापावर वर नेणारं काम. धन्याचा हुकूम बाजूला ठेवून परस्पर तह करणं हे दुसऱ्या मापावर खाली आणणारं. एकाच कृतीनं माणूस एकीकडे चढला आणि दुसरीकडे उतरला.

त्याच 1978 च्या पुस्तकात पॅलाडिन नावाच्या धर्मनिष्ठ योद्ध्यासाठी एक कलम आहे. त्यानं जाणूनबुजून दुष्टपणा केला तर त्याचं पद तत्काळ आणि कायमचं जातं. दुष्टपणा न करता नुसता नियमभंग केला, तर त्यानं वरिष्ठ धर्मगुरूपुढे कबुली द्यायची आणि सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचं. उमराणी ते नेसरी हा दहा महिन्यांचा प्रवास या कलमाशी थक्क करण्याइतका जुळतो. सरनौबतपद काढून घेतलं गेलं नाही. प्रायश्चित्त सांगितलं गेलं, आणि ते घेताना प्राण गेला.

पात्रांच्या बाजू ठरवण्याचा खेळ सांगली जिल्ह्याला परका नाही. 1842 मध्ये उत्तर कानड्यातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं, आणि 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ झालं. त्या नाटकांची रीत आजच्या भूमिकांच्या खेळाच्या फार जवळची होती. सूत्रधार पदं गाऊन कथा पुढे न्यायचा. नट आपापली भाषणं प्रसंग पाहून स्वतःच्या मनानं करायचे. राजा, ऋषी, स्त्री, राक्षस अशा भूमिका करणारे नट ठरलेले असायचे. राक्षसपार्टीचा नट रंगवलेल्या तोंडानं, आरोळ्या ठोकत, रंगभूमी दणाणून सोडत यायचा. बाजू प्रवेशालाच ठरलेली, ती शेवटपर्यंत बदलायची नाही.

हे माप किती अपुरं आणि तरीही किती बळकट आहे, हे सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी दाखवून दिलं. 1907 मध्ये त्यांचं ‘कीचकवध’ आलं. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदीत हिंदुस्थान, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. बाजू लावण्याचं काम नाटककारानं प्रेक्षकांवर सोपवलं होतं आणि त्यांनी ते चोख केलं. 1910 मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. युधिष्ठिर आणि भीम दोघेही सज्जन. एक नियमाला धरून थांबणारा, दुसरा नियम झुगारून धावून जाणारा. नऊ घरांचा तक्ता छापला जाण्याच्या सत्तर वर्षं आधी पुण्या-मुंबईचा प्रेक्षक या फरकावर तावातावानं बोलत होता.

जतचा स्वतःचा इतिहास तर निव्वळ पक्ष पाहून माणूस ओळखू पाहणाऱ्याला पुरता गोंधळात टाकतो. इथले डफळे डफळापूरचे मराठे. देशमुखी त्यांना विजापूरच्या दरबारातून मिळाली. विजापूर पडल्यावर सटवाजी डफळे औरंगजेबाकडे गेले आणि जत, करजगीची जहागीर त्यांच्याकडे राहिली. पुढे घराणं साताऱ्याच्या छत्रपतींच्या जहागीरदारांत मोडू लागलं, आणि 1820 मध्ये इंग्रजांनी त्यांच्याशी तह केला. सीमेवरच्या मुलखात वतन सांभाळणाऱ्या घराण्याची बाजू दर पिढीला नव्यानं ठरत होती. उमराणीच्या रानातही आदिलशाहीकडून लढणारे मराठे काही अपवादानं नव्हते.

नऊ घरांच्या तक्त्यात एक गोष्ट मात्र बसत नाही, आणि महाराजांच्या संतापाचं मूळ तिथेच आहे. प्रतापरावांनी दिलेलं जीवदान त्यांच्या स्वतःच्या खिशातलं नव्हतं. खान परत आला तर जळणार होती पन्हाळ्याखालची खेडी, लुटली जाणार होती रयतेची धान्यं, आणि पुन्हा मरणार होते तेच स्वार, ज्यांनी उमराणीला रक्त सांडून पाणवठा धरला होता. दया करणारा एक आणि तिची किंमत मोजणारे दुसरेच, असा हा व्यवहार होता. खेळाचा तक्ता दया मोजतो, शिस्त मोजतो. किंमत कोणाच्या पदरात पडली, याचा रकाना त्यात नाही. 1979 च्या मार्गदर्शक पुस्तकात तर खेळ चालवणाऱ्यानं प्रत्येक पात्राच्या वागण्याचा आलेख ठेवावा आणि बाजू बदलली तर पात्राची एक पायरी कमी करावी, असं सांगितलं आहे. तो हिशेब कृत्यांचा आहे खरा, पण त्या पात्राच्या खात्यापुरताच.

म्हणून प्रतापरावांना कुठल्या घरात बसवायचं, याहून महाराजांनी त्यांना कसं वागवलं, हे पाहणं जास्त मोलाचं. उमराणीचं कृत्य त्यांनी चूक ठरवलं आणि ते स्पष्ट शब्दांत सुनावलं. त्यासाठी माणसाला गद्दार मात्र ठरवलं नाही. नेसरीनंतर सरसेनापतीपद हंबीरराव मोहित्यांकडे गेलं, जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, राज्याचा गाडा पुढे निघाला. सहा वर्षांनी, मार्च 1680 मध्ये, धाकट्या राजारामांचं लग्न ठरवायची वेळ आली, तेव्हा महाराजांनी सून म्हणून जानकीबाईंना आणलं. त्या प्रतापराव गुजरांच्या कन्या. त्यानंतर महिन्याच्या आतच, 3 एप्रिलला, महाराजांचं निधन झालं.